आवडता चित्रपट कोणता? उत्तर शोधण्याची एक सावकाश पद्धत

‘तुझा आवडता चित्रपट कोणता?’ असं कुणी विचारलं की आधी डोकं एकदम रिकामं होतं आणि मग तोंडातून असं एखादं नाव निघतं, जे ऐकून समोरच्याने मान डोलवावी. मी बरीच वर्षं एका तीन तासांच्या, गंभीर, परदेशी चित्रपटाचं नाव सांगत असे. तो मी एकदाच पाहिला होता, आणि त्यातला मधला अर्धा तास डुलक्या काढण्यात गेला होता. जो चित्रपट मी अकरा वेळा पाहिलाय, त्याचं नाव मात्र कधी जिभेवर यायचं नाही. तो सांगण्यासारखा वाटायचाच नाही.

त्या अकरा वेळा पाहिलेल्या चित्रपटापर्यंत तुम्ही कसे पोहोचाल, ते या लेखात आहे. सिनेमा बघणं नुकतंच मनावर घेतलं असेल आणि ओटीटीवरच्या हजार पोस्टरांसमोर बसून तासभर नुसतं सरकवत राहत असाल, तर या पायऱ्या उपयोगी पडतील. सामान फार लागत नाही. एक वही किंवा फोनमधली नोट पुरे. वेळ मात्र लागतो, पहिल्या सहा पायऱ्यांनाच दोन-तीन महिने तरी. एका संध्याकाळीत यादी करायला बसलात तर जी तयार होईल ती दुसऱ्या कुणाची तरी असेल.

पायरी १ : आधी खोटी यादी करून टाका

फोन लांब ठेवा, दहा मिनिटांचा गजर लावा आणि आठवतील ती दहा नावं लिहा. शोधायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. मग एकेका नावासमोर थांबून स्वतःला विचारा : आज रात्री दमून आल्यावर, घरात दुसरं कुणी नसताना, हा मी लावेन का?

दहापैकी चार-पाच नावांवर ‘नाही’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका. ती नावं खोडायचीही नाहीत. फक्त वेगळ्या रकान्यात टाकायची. मी तीन रकाने करते : मान, माया आणि सोबत.

‘मान’मध्ये ते चित्रपट, ज्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात, पण पुन्हा बघायचा धीर होत नाही. ‘माया’मध्ये ते, ज्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की आपल्याच माणसाबद्दल बोलल्यासारखं लागतं. आणि ‘सोबत’मध्ये ते, जे कपड्यांच्या घड्या घालताना, आजारपणात, झोप येत नसताना लावले जातात, ज्यांचे डायलॉग आपण अर्धा सेकंद आधी म्हणतो. एखादा चित्रपट दोन रकान्यांत बसला तरी चालेल.

नवख्यांची गल्लत बहुधा मान आणि माया यांत होते, आणि लाज वाटते ती सोबतीची. या लाजेला ‘गिल्टी प्लेझर’ असं नाव आहे. मला ते पटत नाही. अकरा वेळा पाहिलेल्या चित्रपटात काहीतरी आहे, नाहीतर तिसऱ्यांदाच कंटाळा आला असता. ते काय आहे हे शोधायचं सोडून माफी कसली मागायची?

पायरी २ : नोंद ठेवा, तारे देऊ नका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. इथे कंटाळा केलात तर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

चित्रपट संपल्यापासून तासाभरात चार गोष्टी लिहायच्या. पहिली, आपण कशा अवस्थेत पाहिला : एकट्याने की कुणाबरोबर, थिएटरात की फोनवर, किती वाजता, दमलेले की ताजेतवाने. दुसरी, डोळ्यांसमोर राहिलेला एक सीन. कथा नको, फक्त सीन. तिसरी, हात फोनकडे कधी गेला किंवा फॉरवर्ड करावंसं कुठे वाटलं. आणि चौथी, एक वाक्य, ज्यात चांगला, मस्त, भारी, बोअर, अप्रतिम यांतला एकही शब्द येणार नाही.

हे चौथं वाक्य सुरुवातीला फार छळतं. ‘मस्त’ काढून घेतलं की आपल्याकडे शब्दच उरत नाहीत, हे पहिल्यांदा लक्षात येतं. चिकाटी धरा. पाच-सहा चित्रपटांनंतर वाक्यं आपोआप खरी व्हायला लागतात.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे : ‘मंगळवार, रात्र, एकटी, सर्दी. ती स्टेशनवर पिशवी विसरते आणि परत येते, तो सीन. चाळीस मिनिटांनी फोन घेतला. कुणी रडत नाही, तरी सगळे नुकतेच रडून आल्यासारखे वाटतात.’

आठवड्याने त्याच पानावर आणखी एक ओळ लिहायची : आता काय आठवतंय? माझी ओळ होती, ‘पिशवीच. नायकाचं नाव विसरले.’

दोनदा लिहायचं कारण आपल्या स्मरणशक्तीत आहे. १९९३ साली बार्बरा फ्रेडरिकसन आणि डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना सुखद आणि त्रासदायक अशा छोट्या छोट्या फिल्म दाखवून अनुभव कसा होता ते विचारलं. फिल्म किती वेळ चालली याचा लोकांच्या मागाहूनच्या मतावर फारच थोडा परिणाम दिसला. मत बनत होतं ते सगळ्यात तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून. म्हणजे क्लायमॅक्स दणक्यात झाला की मधला रटाळ तास आपण माफ करून टाकतो, आणि शेवट फसला की आधीचे सुंदर दीड तास वाहून जातात. पहिली नोंद ताज्या दणक्याची असते. आठवड्यानंतरच्या ओळीत दणका ओसरलेला असतो, आणि कधी कधी पहिल्या नोंदीत नसलेलंच काहीतरी तिथे येऊन बसलेलं असतं.

तारे का नकोत? कारण साडेतीन तारे दिले की काम झाल्यासारखं वाटतं. सहा महिन्यांनी वही उघडली तर ‘साडेतीन’ म्हणजे काय ते तुम्हालाच सांगता येणार नाही. ‘पिशवीच’ मात्र लगेच कळेल. हौस असेल तर तारे नंतर द्या, निदान पहिल्या वीस नोंदी होऊ द्या.

पायरी ३ : वीस-पंचवीस नोंदी झाल्या की वही घेऊन बसा

आता सगळ्या नोंदी सलग वाचा आणि एकच गोष्ट टाळा : ‘मला थ्रिलर आवडतात’, ‘मला रोमँटिक आवडतात’ असा निकाल देणं. प्रकाराचं नाव ही दुकानातल्या फडताळावरची पाटी असते. आपली आवड त्यापेक्षा बारीक असते, आणि ती बऱ्याचदा दोन-तीन फडताळांवर सांडलेली असते.

माझंच बघा. मला रहस्यपट आवडतात असं मी स्वतःही समजत होते. वही वाचली तेव्हा दिसलं की खुनी कोण हे मी एकाही नोंदीत लिहिलेलं नाही. लिहिलं होतं ते सगळं तपासाबद्दल : जुन्या फायली उपसणं, चुकीच्या पत्त्यावर जाणं, रात्री दोन वाजता फोन लावणं. मग त्याच वहीत एका वादकाच्या तालमींचा चित्रपट सापडला, वार्ताहरांचा एक, होडी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा एक. मला माणसं मन लावून काम करताना बघायला आवडतं. रहस्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. हे कळल्यावर ज्या विभागांकडे मी कधी फिरकत नव्हते तिथेही माझे चित्रपट निघाले, माहितीपटांत तर ढीगभर.

वही वाचताना असे काही धागे शोधा. तुमच्या आठवणीतल्या सीनमध्ये लोक बोलतायत की गप्प आहेत? जागा एकच आहे की प्रवास चालू आहे? दोन माणसं आहेत की गर्दी? शेवट गाठ मारलेला आवडतो की मोकळा सोडलेला? फर्स्ट हाफमध्ये रमता की सेकंड हाफमध्ये? (मांडणीत रमणारे आणि उलगड्यात रमणारे अशा दोन जातीच असतात, असं माझं निरीक्षण आहे. त्यांनी एकत्र चित्रपट निवडायला बसू नये.) सीनबरोबर संगीत आठवतंय का? नायक चांगला माणूस असावा लागतो का तुम्हाला, की नसला तरी चालतो?

नावडीचे धागे तर लवकर सापडतात, कारण तिथे आपण फार दिखावा करत नाही. माझ्या वहीत ‘निवेदक मधे मधे येऊन सगळं समजावतो’ ही तक्रार सात ठिकाणी आहे.

आणि अवस्थेचा रकाना न विसरता तपासा. माझ्या आठ ‘लक्ष लागलं नाही’ नोंदींपैकी सहा रात्री अकरानंतरच्या निघाल्या. त्या चित्रपटांचा काय दोष! त्यातले दोन मी नंतर रविवारी सकाळी पाहिले आणि एक सरळ ‘माया’मध्ये गेला.

पायरी ४ : आकडे काय सांगतात ते समजून घ्या

रेटिंग बघूच नका असं मी म्हणणार नाही. मीही बघते. पण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो.

रॉटन टोमॅटोज या रेटिंगच्या वेबसाइटवर समीक्षकांचे ९५ टक्के दिसले की चित्रपटाला शंभरपैकी पंचाण्णव मिळाले असं वाटतं. तसं नाही. शंभर समीक्षकांपैकी पंचाण्णव जणांचा कौल अनुकूल होता, एवढाच त्याचा अर्थ. त्या पंचाण्णवांपैकी प्रत्येकाला चित्रपट ‘बरा आहे, बघा’ इतपतच वाटला असला तरी आकडा ९५ च राहील. त्यामुळे कुणालाच न दुखावणारा चित्रपट तिथे सहज वर जातो, आणि निम्म्यांना वेड लावून निम्म्यांना चिडवणारा पन्नाशीत अडकतो. साठच्या खाली गेला की ‘सडका’ शिक्का बसतो. मेटाक्रिटिक या दुसऱ्या वेबसाइटवर समीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी भारित सरासरी (म्हणजे काहींच्या मताला जास्त वजन) असते, आयएमडीबी या तिसरीवर प्रेक्षकांनी एक ते दहात दिलेल्या गुणांची. सरासरीतही तेच होतं : सहा म्हणजे सगळ्यांना ठीकठाक वाटला, की अर्ध्यांनी दहा आणि अर्ध्यांनी दोन दिले, हे नुसत्या सहावरून कळत नाही. आयएमडीबीवर गुणांची विभागणी दाखवणारा आलेख असतो. दोन टोकांना उंच आणि मधे खोल असा आलेख दिसला तर मी तो चित्रपट हमखास बघते.

अशा चित्रपटांनी भल्याभल्यांना चकवलंय. नेटफ्लिक्सने २००६ साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं : प्रेक्षक कुठल्या चित्रपटाला किती तारे देईल याचा आमचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा. बक्षीस जिंकायला २००९ उजाडलं. त्या काळात स्पर्धकांना सगळ्यात जास्त सतावणाऱ्या चित्रपटांत ‘नेपोलियन डायनामाइट’ हा २००४ चा छोटा विनोदी चित्रपट होता. लोक त्याला एक तरी तारा द्यायचे नाहीतर पाच, आणि कोण कुठल्या बाजूला जाईल हे त्यांच्या बाकीच्या आवडींवरून सांगता येत नव्हतं. २०१७ साली नेटफ्लिक्सने ताऱ्यांची पद्धतच काढून अंगठे आणले.

आकड्यापेक्षा एक माणूस शोधा, समीक्षक किंवा ओळखीतलं कुणी. त्याची आवड तुमच्याशी जुळायलाच हवी असं नाही. पटत नाही तेव्हा कुठे पटणार नाही ते आधी कळलं की झालं. माझा एक मित्र ज्या चित्रपटाला ‘काही घडतच नाही’ म्हणतो, तो मी त्याच आठवड्यात लावते. इतकी खात्रीची शिफारस मला दुसऱ्या कुणाकडून मिळत नाही.

पायरी ५ : श्रेयनामावली वाचा

नट-नट्यांच्या मागे जाऊन आवड सापडतेच असं नाही, कारण तेच लोक फार वेगवेगळ्या प्रकारच्या चित्रपटांत असतात. ‘माया’मधल्या प्रत्येक चित्रपटाचा दिग्दर्शक, लेखक, छायालेखक, संकलक आणि संगीतकार लिहून काढा. दोनदा आलेलं नाव दिसलं की तिसरा चित्रपट तिथून निवडा.

संकलकाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीच्या चित्रपटांची धावती लय तुम्हाला आवडत असेल तर थेल्मा स्कूनमेकर हे नाव माहीत हवं. १९८० च्या ‘रेजिंग बुल’पासून त्यांचे कथापट त्याच कापत आल्या आहेत. गुरुदत्तच्या चित्रपटांतला उजेड-अंधार मनात राहिला असेल, तर त्यांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांची आठवण ठेवा. ‘कागज के फूल’ (१९५९) मधला वरून उतरणारा तो प्रकाशझोत त्यांचाच.

पायरी ६ : अनोळखी गल्लीत तीनदा जा

‘मला जुने चालत नाहीत’, ‘सबटायटल वाचत कोण बसणार’, ‘ब्लॅक अँड व्हाइट नको’ हे निकाल बहुधा एकाच चित्रपटावरून दिलेले असतात. कुठलाही प्रकार, काळ किंवा भाषा बाद करण्याआधी तीन चित्रपट बघा, शक्यतो तीन वेगळ्या दिग्दर्शकांचे. पहिल्यात आपण नियम शिकत असतो. सबटायटलची सवय व्हायलाही साधारण तेवढंच लागतं. तिसऱ्यापर्यंत आपण वाचतोय हे विसरायला होतं. डब केलेला लावणं सोपं, पण नटाचा आवाज हा त्याचा अर्धा अभिनय असतो, तो हातचा जातो.

तीननंतरही नाही जमलं तर सोडून द्या. अर्धवट चित्रपट सोडायलाही हरकत नाही. मी अर्धा तास देते. फक्त कुठे सोडला आणि का, ते वहीत लिहिते.

पुष्कळ बघण्याने आवड घडते का? थोडीफार. सत्यजित राय १९५० साली नोकरीच्या कामाने लंडनला गेले तेव्हा तिथल्या मुक्कामात त्यांनी ९९ चित्रपट पाहिले. त्यातला ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) हा इटालियन चित्रपट त्यांच्या मनात रुतला, आणि पुढे ‘पथेर पांचाली’ (१९५५) झाला. पण ज्या कादंबरीवर तो बेतला, त्या ‘पथेर पांचाली’च्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनी आधीच काढली होती, ती गोष्ट डोक्यात घोळत होती. ते काहीतरी शोधत होते, म्हणून नव्व्याण्णवांतला तो एक दिसला. तुमच्या वहीतले धागे इथेच कामाला येतात. काय शोधतोय हे अर्धवट जरी माहीत असलं तरी पोस्टरांच्या भिंतीसमोरचा तास वीस मिनिटांवर येतो.

पायरी ७ : पुन्हा बघा

सहा महिने ते वर्षभर जाऊ द्या आणि ‘माया’तले चित्रपट एकेक करून पुन्हा लावा. रहस्य माहीत असताना, विनोद ठाऊक असताना उरतं काय, ते बघायचं. काही पडतील. शाळेच्या वयात डोक्यावर घेतलेले तर पटापट पडतील, आणि तेव्हा स्वतःचाच थोडा राग येईल. पडलेला चित्रपट रद्द करू नका, नावासमोर ‘तेव्हाचा’ असं लिहा.

उलटही होतं. लहानपणी ज्या चित्रपटातला बाप मला खलनायक वाटायचा, तो आता एकटाच शहाणा वाटतो. चित्रपटातली एक फ्रेमही बदललेली नाही.

पायरी ८ : चार निवडा

आता यादी. दहा नको, चार. लेटरबॉक्स्ड या चित्रपटांच्या डायरीच्या अ‍ॅपवर प्रत्येकाला आपल्या पानावर चारच आवडते चित्रपट लावता येतात, आणि ही अडचण फार उपयोगाची आहे. दहांच्या यादीत मिरवायला आणलेले दोन-तीन खपून जातात. चारांत नाही खपत.

माझे नियम असे : चारही ‘माया’ किंवा ‘सोबत’मधले. प्रत्येक किमान दोनदा पाहिलेला. दोन चित्रपट एकाच धाग्याचे असतील तर त्यातला एक बाहेर. आणि त्यांच्यात पहिला-दुसरा लावायचा नाही. नवा आत आला की एक बाहेर जाईल, आणि यादीखाली तारीख पडेल.

क्रम आणि कायमपणा यांचा हट्ट तर जगभरचे समीक्षकही धरू शकत नाहीत. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी त्यांचा कौल घेतं. प्रत्येकाने दहा नावं द्यायची, दहांनाही सारखंच एक मत. पहिल्या वर्षी ‘बायसिकल थीव्ह्ज’ वर होता, आणि ‘सिटिझन केन’ (१९४१) पहिल्या दहांत नव्हताच. पुढच्या खेपेला, १९६२ मध्ये, तोच पहिला आला आणि २००२ पर्यंत तिथून हलला नाही. २०१२ ला हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) वर आला. २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त जणांनी मतं दिली आणि पहिला आला शांताल आकेरमनचा ‘जान दिलमान’, १९७५ चा, तीन तासांहून मोठा, घरकामात गुंतलेल्या एका बाईचा चित्रपट. दहा वर्षांपूर्वी तो पहिल्या तिसांतही नव्हता. चित्रपट तेच होते. मतं देणारी माणसं बदलली, वाढली.

पायरी ९ : सांगताना

आता कुणी विचारलं तर चारांतलं एक नाव सांगा आणि त्याला वहीतलं वाक्य जोडा. ‘अप्रतिम आहे, बघच’ यातून ऐकणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. ‘त्यात एक बाई स्टेशनवर पिशवी विसरते’ म्हटलं की तो पुढे काही विचारतो तरी. समोरचा मांडणीत रमणारा आहे की उलगड्यात, त्याला रात्री झोपायची घाई असते का, हे बघून चारांतला कोणता सांगायचा ते ठरवा. स्पॉयलर द्यायचा नाही आणि ‘शेवट बघ फक्त’ असंही म्हणायचं नाही, कारण मग तो दोन तास शेवटाचीच वाट बघत बसतो.

आणि दाखवायलाच बसलात तर पडद्याकडे बघा, त्यांच्या चेहऱ्याकडे नको. मी माझ्या बहिणीला अकरा वेळा पाहिलेला तो चित्रपट दाखवला तेव्हा दर पाच मिनिटांनी तिच्याकडे वळून बघत होते : हसली का, आवडलं का, आता येईल तो सीन. चाळीस मिनिटांनी ती म्हणाली, ‘ताई, तू बघ शांतपणे, मी चहा ठेवते.’ ती परत आली तेव्हा तो सीन होऊन गेला होता.